झरा माझ्या वाट्याला

१२ सप्टेंबर

निघताना लेकीने ही वही हातात दिली. म्हणाली, "आई, तिथे बोलायला कोणी नसणार. निदान लिहीत जा, नाहीतर मेंढ्यांशी भांडत बसशील." मेंढ्यांशी मी आधीपासूनच भांडते, त्याला वही कशाला? पण आज सामान लावून झालं, चूल पेटली, भाकरी खाऊन झाली आणि संध्याकाळ काही संपेना. म्हणून उघडली.

तर आजपासून मी माझ्या स्वतःच्या जागेत. एक खोली, पुढे पडवी, मागे मेंढवाडा. पत्रा नवा आहे, तापला की कडकड वाजतो. कुंपणाची तार अजून चकाकते. सगळ्यांचा मिळून जो माळ होता त्याचे तुकडे पाडले आणि चिठ्ठ्या टाकून घरटी एकेक दिला. मला खालचा आला. झऱ्याचा. कागदावर आधी माझं नाव, मग यांचं, पुढे 'मयत' लिहून. इतकी वर्षं संसार केला, पण कुठल्या कागदावर माझं नाव आधी आलेलं हे पहिलंच.

लोक म्हणतात, माळ सगळ्यांचा होता तेच बरं होतं. ज्यांचं बरं होतं त्यांचं होतं. भागीचं घोडं किवणानं मेलं म्हणतात ते काय खोटं? पाण्याची कुंडी फुटली तर दुरुस्त कोणी करायची, यावर दोन वर्षं चर्चा. आणि गवत उगवलं की बळी तो कान पिळी. पुढे दाढीवाल्याचा कळप, माळावरचा सगळ्यात मोठा, त्याच्या मागे मधले, आणि सगळे चरून गेल्यावर या बाईच्या मेंढ्या. शेंडा त्यांचा, बुडखा माझा. हे होते तोवर कोणी तोंडावर काही करत नसे. हे गेले आणि माझ्या मेंढ्या रांगेत आपोआप शेवटी गेल्या. कोणी ढकललंसुद्धा नाही.

म्हणून वाटणीसाठी मी हात वर केला. धाकट्या जावेने केला नाही. चिठ्ठीत तिला आणि भाऊजींना माझ्या वरचा उतार आला. दगडधोंडे आहेत, पाणी नाही. तेवढ्यात माझं नाव पुकारलं, झरा म्हटलं, आणि मी हसले. आनंदाने हसले. तिला वाटलं, मी तिला हसले. तेव्हापासून बोलत नाही. जावाजावा उभा दावा, ही म्हण कोणी उगाच केली नसेल.

आता आमच्यामध्ये एक तार आहे. बरंच आहे. शांतता आहे.

२ ऑक्टोबर

जनावरांची डॉक्टरीण येऊन गेली. तिने सांगितलं होतं तसं मी कुरणाचे दोरी बांधून चार भाग केलेत. एक भाग चरायचा, तीन विश्रांतीला. गवत बोटभर राहिलं की कळप पुढच्या भागात. तिने वाकून गवत चाचपलं, मेंढ्यांच्या पाठी दाबून बघितल्या आणि म्हणाली, "मावशी, सगळ्या माळावर असं कोणी केलेलं नाही." मी म्हटलं, "आधी केलं असतं तर माझं राखलेलं दाढीवाल्याने चारलं असतं. आता राखलं तर मलाच मिळतं." ती हसली. चहा न घेताच गेली, तिला पुढे जायचं होतं.

दुपारी दोन कप केले होते. दोन्ही मीच प्यायले.

१९ ऑक्टोबर

मोबाईलला रेंज फक्त वरच्या कोपऱ्यात मिळते, तारेपाशी. लेकीचा फोन यायचा असला की चढून तिथे उभं राहायचं. पलीकडे एक मोठा धोंडा आहे, त्यावर नेमकी धाकटी लोकरीतले काटे निवडत बसलेली असते. घरात जागा नाही की काय?

मी मोठ्याने बोलते. रेंज कमी असते म्हणून. आज लेकीला सांगितलं की मेंढ्यांचं वजन वाढलंय, पाणी भरपूर आहे, झोप छान लागते. फोन ठेवल्यावर धाकटी तिच्या कुत्र्याला म्हणाली, "काय रे, ऐकलंस? लोकांना झोपा छान लागतात." मी माझ्या म्हाताऱ्या मेंढीला म्हटलं, "चल गं, काहींचं लक्ष कामात कमी आणि दुसऱ्याच्या फोनात जास्त." कुत्रा दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

त्यानंतर थोडा वेळ तिथेच थांबले. चढणीने दम लागतो.

८ नोव्हेंबर

वरच्यांच्या म्हाताऱ्या मेंढ्या तारेला नाक लावून उभ्या राहतात. झरा त्यांना आठवतो. सगळं आयुष्य इथेच प्यायल्या. दिवसभर बें बें. काम सुचू देत नाहीत. त्यांना पाण्यासाठी पार सडकेवरच्या टाकीपर्यंत न्यावं लागतं, माझ्या कुंपणाला वळसा घालून. तो वळसा काही मी घातला नाही, मोजणीदाराने आखला. चिठ्ठी भाऊजींनी स्वतःच्या हाताने उचलली. मी काय करणार?

एका जागी तार सैल झाली होती, ती पक्कड घेऊन आवळली.

२१ नोव्हेंबर

भाऊजी आले होते. सडकेने फिरून आले, घामाने निथळत होते. पडवीत बसले. दोन तांबे पाणी प्यायले, तोंड धुतलं.

"पाणी अजून तसंच गोड आहे, वहिनी."

"पाणी कशाला बदलेल?"

"वर हवा चांगली आहे," म्हणाले. मग बराच वेळ कुंपणाकडे बघत राहिले. "इथे फाटक ठेवायचं राहिलं का?"

"राहिलं नाही. मला तिकडे काय काम आहे?"

"तेही खरंच."

यांच्यासारखेच आहेत, शब्द जपून वापरतात. टोपी घातली आणि गेले. कशासाठी आले होते कोण जाणे. एवढं चालून माणूस नुसतं पाणी प्यायला येतं का?

१५ जानेवारी

गवत सगळीकडे संपत आलंय, माझ्याकडे अजून एक भाग राखलेला आहे. हे लिहिताना बरं वाटतं. दुसऱ्या कोणाला सांगायचं?

सुरुवातीला संध्याकाळी पडवीतून माळावरचे दिवे दिसायचे. आता एकेक विझत चाललेत. ज्यांना कोरडे तुकडे आले ते जागा दाढीवाल्याला वापरायला देऊन शहराकडे निघाले. खालच्या अंगाला एक नवीन लग्न झालेलं जोडपं आहे, त्यांचा दिवा आहे. ओळख नाही. मी दिसले की बाई दारातून आत जाते.

दाढीवाला माझ्याकडेही आला होता. गाडीतून उतरला नाही, काच खाली करून बोलला. "बाई, या वयात उन्हातान्हात कशाला? जागा द्या मला, दर वर्षी पैसे घ्या, लेकीकडे आरामात राहा." मी नको म्हटलं. "झरा माझ्या नावावर आहे."

"ठेवा. वरचे तर देतीलच," म्हणाला आणि काच वर केली.

वरचे देतील? देऊ देत. मला काय त्याचं?

१६ जानेवारी

वरचे गेले तर त्या धोंड्यावर दाढीवाल्याचा गडी येऊन बसेल. विडी ओढत. फोनवर बोलायचं कसं?

९ मार्च

झऱ्याखालची कुंडी गळायला लागली आहे. झरा वरच्या तारेलगतच आहे आणि तिथे जमीन तिकडे कलते, म्हणून पाणी तारेखालून पलीकडच्या खड्ड्यात साचतं. वरच्यांच्या दोनचार मेंढ्या तिथे तोंड घालतात. चिखल भरून तडा बुजवला पाहिजे. उद्या करते.

२४ मार्च

कुंडीचं राहिलंच. आज दोरी बदलण्यात दिवस गेला.

११ एप्रिल

झऱ्याची धार करंगळीएवढी झाली आहे. माझ्या कळपाला पुरते. कुंडीतून आता पलीकडे काही जात नाही, खड्डा वाळला. भाऊजी पुन्हा कळप घेऊन सडकेच्या टाकीकडे जाताना दिसतात. एका हाताला पाण्याचा डबा, दुसऱ्या हाताने गुडघा दाबत. वाटलं, हाक मारावी. पण इतके महिने नाही मारली, आज मारली तर काय म्हणून मारली असं वाटेल.

कुंडीचा तडा मोठा करून काही उपयोग होतो का ते बघितलं. होत नाही. पाणीच नाही तेवढं.

२० मे

लिहायचा कंटाळा येतोय. काल पाऊस झाला. वर झाला. माझ्या पडवीतून स्पष्ट दिसत होतं, ढग भाऊजींच्या उतारावर उभा आणि खाली माझ्याकडे नुसता वारा. पत्र्यावर चार थेंब वाजले, मी भांडं घेऊन पळाले, तोवर संपलं.

३ जून

आणखी दोन पाऊस, दोन्ही वर. त्यांचा खडकाळ उतार हिरवा झाला आहे. माझे चारही भाग पिवळे. दोरी बांधून भाग पाडले, राखलं, वाट बघितली, सगळं डॉक्टरणीने सांगितलं तसं केलं. पण वरून पाणीच पडलं नाही तर दोरी काय करणार? पूर्वी जिकडे पडला तिकडे आम्ही सगळे जायचो. भांडत जायचो, पण जायचो. आता फक्त दाढीवाला जातो. त्याने घेतलेल्या तुकड्यांत जिथे हिरवं दिसेल तिथे त्याचा कळप. माळ पुन्हा एक होत चाललाय, फक्त आता तो एकट्या त्याचा.

वरच्यांना दात आहेत तर चणे नाहीत, मला चणे आहेत तर दात नाहीत. वर गवत, खाली पाणी, मध्ये तार.

एक गंमत. धाकटी सगळा उतार चारते, पण तारेच्या कडेची पट्टी तशीच ठेवते. चांगलं कोवळं गवत. माझ्या मेंढ्या तारेतून माना घालून ते खातात. धाकटीचं लक्ष पहिल्यापासूनच कमी. सासूबाई म्हणायच्या, हिला भाकरी टाकायला सांगितली तर तवा उतरवून येईल. बिचारीला दिसतही नसेल.

१७ जून

काल सकाळी मी गवतासाठी म्हणून कोपऱ्याजवळ होते. वरून हाक आली, "जाऊबाई!" पहिल्यांदा वाटलं भास झाला. मग पुन्हा आली, आणि ती हाक नव्हती, ओरडणं होतं.

भाऊजी टाकीवरून पाण्याचा डबा घेऊन चढताना घसरले. दगडांमध्ये आडवे पडले होते, पाय वेडावाकडा. धाकटी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. सडक माझ्या जागेतून जवळ, वळशाने लांब. मी घराकडे पळाले, पक्कड आणली आणि तार कापली. एक, दोन, तिन्ही. कापलेली तार उसळून हाताला लागली, रक्त आलं, ते नंतर कळलं. खालच्या अंगाच्या जोडप्यातला नवरा टेम्पो घेऊन आला. मी बोलावलं नव्हतं, आरडाओरडा ऐकून आला. खाट काढली, भाऊजींना तिच्यावर ठेवून माझ्या पिवळ्या कुरणातून खाली नेलं. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, तार कशाला कापलीत? नवी होती."

टेम्पोत चढताना धाकटी थांबली. "मेंढ्या," म्हणाली.

"तू जा."

"सकाळपासून पाणी नाही त्यांना."

"जा म्हटलं ना!"

टेम्पो गेला. मी वळले तर तिच्या मेंढ्या कापलेल्या तारेतून आत येऊन झऱ्यावर उभ्या होत्या. कोणी हाकलल्या नव्हत्या. माझ्या मेंढ्या बाजूला सरून त्यांना जागा देत होत्या. मग सगळ्याच वर गेल्या, हिरव्यावर. एका कळपासारख्या. मी मागून गेले.

६ जुलै

खुब्याचं हाड मोडलंय. शस्त्रक्रिया झाली. भाऊजी शहरात मुलाकडे आहेत. धाकटी काल आली, कपडे न्यायला आणि मेंढ्या बघायला. तिने आपला कळप न्याहाळला, एकेकीची पाठ चाचपली. मग माझ्या पडवीत आली आणि जिथे भाऊजी बसले होते तिथेच बसली. मी चहा ठेवला.

"तुम्ही हसलात त्या दिवशी," ती म्हणाली.

"तुला नाही हसले. पहिल्यांदा काहीतरी माझं झालं होतं, म्हणून हसले."

"मला वाटलं, मला."

"मग विचारायचं होतंस."

"तुम्ही विचारलंत कधी, की मी हात का नाही वर केला?" ती म्हणाली. "वाटणी नको म्हणून नाही. तुमच्या मेंढ्या शेवटी राहायच्या हे मला दिसत होतं. पण जाऊबाई, पाऊस काही कागद बघून पडत नाही. दाढीवाल्याला आवरायचं सोडून सगळा माळच तोडला."

"दाढीवाल्याला आवरणार कोण होतं? तू?"

"आपण सगळे."

"सगळे!" मी म्हटलं. "सगळे म्हणजे कोणीच नाही. ते भिजत घोंगडं मी वीस वर्षं बघितलंय."

मग मीच विषय बदलला. "तारेजवळची पट्टी तू का ठेवायचीस?"

"कुठली पट्टी?"

"गवताची."

"मेंढ्या तिकडे जात नव्हत्या." ती कपाकडे बघत होती. "आणि तुमची कुंडी गळत होती ती?"

"वेळ नाही मिळाला दुरुस्तीला."

"हं," ती म्हणाली.

मग सहज सांगावं तसं म्हणाली, "ते आले होते तुमच्याकडे थंडीत, फाटकाचं विचारायला. परत येऊन म्हणाले, वहिनीला विचारलं, ती नाही म्हणाली. पुन्हा विषय काढू नको म्हणाले."

"मला विचारलंच नाही त्यांनी!"

"ते तसेच विचारतात. तुम्ही मला आधीपासून ओळखता की त्यांना?"

त्यांना. मी या घरात आले तेव्हा ते शाळेत जात होते. भूक लागली तरी भाकरी मागायचे नाहीत, चुलीजवळ येऊन उभे राहायचे. मी कधी विचारलं नाही, न विचारता ताट वाढायचे.

चहा निवून गेला. ती पुन्हा तापवायला उठली, तिला माझ्या घरात साखर कुठे असते ते न विचारता सापडलं.

१४ जुलै

आठवडा झाला, धाकटी इथेच आहे. माझ्याच खोलीत. घोरते.

कागद ज्याचा त्याचा तसाच ठेवायचा असं ठरलं. मी त्या बाबतीत हटले नाही, तिनेही हट्ट केला नाही. पण मधली तार काढायची. सकाळी वर, दुपारी झऱ्यावर, वरचं बोटभर राहिलं की खाली. दोघींच्या मिळून मेंढ्या किती ठेवायच्या यावर तासभर भांडलो. ती म्हणे सगळ्या, मी म्हणे म्हाताऱ्या विकू. शेवटी एकीने जितक्या विकायच्या तितक्याच दुसरीनेही विकायच्या, असं ठरलं. माझी फोनवरची मेंढी गेली. धाकटीने तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "हिच्यामार्फत किती शिव्या खाल्ल्या मी."

खूप दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसले. लिहून ठेवते.

२ ऑगस्ट

धाकटी परवा गेली. भाऊजींना उठवायला-बसवायला माणूस लागतं, सून कामावर जाते. डॉक्टर म्हणाले, चढण विसरा. म्हणजे तीही आता इथे राहायची नाही.

दाढीवाल्याने तिला निरोप पाठवला होता. चांगला भाव देत होता. तिने नाही म्हटलं. जाताना मला म्हणाली, "चारा तुम्हीच. कोकरं अर्धी अर्धी. आणि एकट्या राहू नका." पहिल्या दोन गोष्टी मी करीन.

५ ऑगस्ट

पाऊस आता खालीही झाला. वर हिरवं, खाली हिरवं, झऱ्याला मनगटाएवढी धार. मेंढ्या वरपासून खालपर्यंत हव्या तिथे जातात. शेवटी कोणाच्या मागे राहत नाहीत, कारण पुढे कोणी नाही. हेच हवं होतं मला. अगदी हेच.

लेकीशी बोलायला कोपऱ्यात गेले. आज हळूच बोलले तरी तिला सगळं ऐकू गेलं. रेंज चांगली आहे म्हणाली. "आई, तुला एकटं वाटतं का?" "छे," म्हटलं. फोन ठेवला आणि उतरलेच नाही. धोंड्यावर बसून राहिले. मागे कोणी काही बोलेल अशी सवय लागलेली. वाटतं. एकटं वाटतं. लिहिलं तर काय होतंय, ही वही कोण वाचतंय?

३० ऑगस्ट

खालच्या अंगाला दाढीवाल्याची गाडी उभी होती. त्या जोडप्याच्या दारात. बराच वेळ.

त्यांच्या जागेत विहीर खणली होती, ती कोरडी लागली असं टेम्पोच्या दिवशी कोणीतरी बोललं होतं. मी तेव्हा ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, भाऊजींच्या गडबडीत. त्या माणसाचे आभारसुद्धा मानले नाहीत.

१ सप्टेंबर

आज कळप वर सोडून मी खाली गेले, त्यांच्या तारेपाशी. काय म्हणून हाक मारायची? नावही माहीत नाही. शेवटी "अगं ए!" म्हटलं. बाई दारात आली. अंगात नवऱ्याचा शर्ट, हात पिठाचे. इतकी लहान असेल असं वाटलं नव्हतं.

"काय हवंय, काकू?" आवाजात धास्ती होती. मेंढी कुंपणात शिरली म्हणून भांडायला आले असं वाटलं असावं तिला.

"काही नको. त्या दिवशी तुझा नवरा टेम्पो घेऊन आला, त्याला सांग..." मी तारेला अडकलेली लोकर सोडवली. "तुमची विहीर कोरडी लागली ना?"

तिने एकदा विहिरीकडे बघून घेतलं.

"माझ्याकडे झरा आहे. मेंढ्या आणत जा पाण्याला. इथून तार काढली की शंभर पावलंसुद्धा नाहीत."

तिने पिठाचे हात शर्टाला पुसले. माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्यामागे झऱ्याकडे. आणि विचारलं, "किती घ्याल?"

मला राग यायला हवा होता. पण तिने चुकीचं काय विचारलं? गेलं वर्षभर या माळावर फुकट कोणी कोणाला काय दिलं? मी दिलं असतं तर आज भाऊजी वर असते. हे मनात आलं, आणि तारेला धरून थोडा वेळ उभी राहिले.

"पैसे नकोत," म्हटलं. "मेंढ्या आणशील तेव्हा तू ये. नवऱ्याला पाठवू नको, पुरुषमाणसं पाणी पितात आणि टोपी घालून निघून जातात."

ती हसली की काय, तिने मान आत घेतली, नीट दिसलं नाही. घरात तिचं आणि नवऱ्याचं काहीतरी बोलणं चाललं होतं. मग आतूनच ओरडून म्हणाली, "उद्या सकाळी आलं तर चालेल?"

"लवकर ये," मी म्हटलं.

घरी येऊन झऱ्याभोवतीचं शेवाळ काढलं. नवीन मेंढ्या आहेत, घसरायच्या.